तिसरं अक्षर

आमच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर तीळ ठेवायला जागा नव्हती, आणि मला त्याचा अभिमान होता. डेस्कटॉपवर ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत नुसती चित्रं. चिखले हळद नवीन, चिखले हळद नवीन कॉपी, पत्रिका फायनल, पत्रिका खरंच फायनल, वाढदिवस गुलाबी, वाढदिवस गुलाबी नको. परक्या माणसाने बघितलं तर त्याला घेरी यावी. पण गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत माझा माऊस त्याच्या फायलीवर जाऊन बसलेला असायचा. दुसऱ्या कुणाच्या बापाला काही सापडत नसे. नवरा, दीर, सासरे, सगळे माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, जरा ते उघडून दे. मीही लगेच उघडायचे नाही. हातातलं काम संपवते असं म्हणून जरा ताटकळत ठेवायचे, मग उघडायचे.

दुकान डहाणूला, स्टेशनकडून बाजारात येणाऱ्या रस्त्यावर. लग्नपत्रिका, हळदीचे बॅनर, झेरॉक्स, जे येईल ते. नवरा छपाई बघायचा, दीर बाहेरची कामं आणायचा, सासरे गल्ल्यावर बसायचे आणि कॉम्प्युटर माझा. ती खुर्ची मला कुणी मोठेपणाने दिली नव्हती. मी ती धरून बसले होते, आणि का, ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

मी मूळची जुन्नरकडची. मामा तारापूरच्या एका कंपनीत होता, त्याच्याकडे राहून टायपिंग शिकायला आले आणि तिथेच आमच्या ह्यांची गाठ पडली. माझ्या घरच्यांनी दार लावून घेतलं. पोरगी समुद्रावरच्या होडीवाल्यांत दिली असं कोण सांगणार चारचौघांत? इकडे सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. लग्न करून आलो तेव्हा दारात उभे होते ते एकटे सासरे. होडी विकून दुकान टाकलेला माणूस, पण अंगाला अजून मिठाचा वास. त्यांनी मला एकदा नीट बघितलं आणि म्हणाले, "ये बाय."

माझ्या कानाला ते ऐकू आलं 'बाई'. आमच्याकडे नुसती बाई म्हणजे एक तर शाळेतली, नाहीतर धुण्याभांड्याला येते ती. शाळेतली तर मी नव्हते. काही दिवस ऐकून घेतलं. बाय, चहा टाक. बाय, जेवलीस काय. बाय, इकडे ये. मग एकदा भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर अशी हाक आली आणि मी तडकले. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. म्हटलं, मामा, मला बाई म्हणू नका, मी ह्या घरात कामाला आलेली नाही. त्यांनी मग मान हलवली आणि म्हणाले, बरं, सूनबाई. त्या दिवसापासून मी सूनबाई. शब्दाचा इतका पक्का माणूस की पुन्हा एकदाही त्यांची जीभ घसरली नाही.

बाय म्हणजे काय ते मला पुढे कळलं. बाय म्हणजे लाडाची पोर. इथे आई लेकीला बाय म्हणते, मावशी भाचीला म्हणते, मासे विकायला बसलेली सुद्धा भाव करताना घे गं बाय म्हणते. आणि सासरे तर अख्ख्या जगाला बाय म्हणायचे. शेजारच्या मेडिकलमधल्या मुलीला, शाळा सुटल्यावर घोळक्याने जाणाऱ्या पोरींना, टोपलीत सुके बोंबील घेऊन येणाऱ्या चिंचणीच्या म्हातारीला, जिचे दात सुद्धा पडलेले. साऱ्या डहाणूत एकच बाई अशी होती जिला ते बाय म्हणत नव्हते, आणि ती मी. आता कोणत्या तोंडाने सांगायचं, की मामा, माझं ऐकण्यात चुकलं, परत म्हणा? मागून घेतलेला लाड तो काय लाड? मी आपली मुकाट्याने सूनबाई होऊन राहिले आणि त्याच्या बदल्यात खुर्ची धरली.

कारण सकाळी त्यांना भरतीची वेळ बघायची असली की माझ्याकडेच यावं लागायचं. होडी गेली तरी त्यांची भरती-ओहोटी सुटली नव्हती. तिथी बोटांवर मोजून त्यांना ती कळायचीच, पण कॉम्प्युटरचं आणि आपलं जुळतं की नाही हे रोज बघायचं असायचं. वर्षाचं वेळापत्रक मी उतरवून ठेवलं होतं, त्या चित्रांच्या गर्दीत कुठेतरी. ते अगरबत्ती लावून खुर्चीमागे यायचे, म्हणायचे, सूनबाई, भरती. मी उघडायचे. ते वाकून वाचायचे, बोटं मोजायचे आणि बरोबर हाय त्याचं असं म्हणून गल्ल्यावर जाऊन बसायचे. जसा काही कॉम्प्युटरच परीक्षेला बसलाय. एवढं झालं की माझा दिवस चांगला जायचा. हसा तुम्ही, पण मला ते पुरत होतं.

दोन हजार पंधराच्या उन्हाळ्यात धाकटी आली. धाकटी म्हणजे माझी जाऊ, तलासरी तालुक्यातल्या झरीची. दीर कसल्याशा छपाईच्या कामाला तलासरीला जायचा, तिथल्या कॉम्प्युटर क्लासात ही शिकवायची, तिथेच जमलं. बी.ए. झालेली. मराठी, गुजराती, हिंदी आणि गावाकडची बोली, समोरचा जे बोलेल ते ही बोलणार. ती दारात आली तेव्हा मी आरतीचं ताट घेऊन उभी होते आणि सासरे माझ्या शेजारी. ते म्हणाले, ये बाय. आणि ती खुदकन हसून म्हणाली, आले बाबा. झालं. इतक्या वर्षांत मला जे जमलं नाही ते ही उंबरठ्यावरच उरकून आत गेली. मी ताट ओवाळलं, पण तिच्याकडे न बघताच.

वाईट होती असं मुळीच नाही. वाईट असती तर बरं झालं असतं, मनासारखं भांडता तरी आलं असतं. सकाळी माझ्या आधी उठून पाणी भरायची. मला ताई म्हणायची, बसायला खुर्ची द्यायची. दुकानात आली तरी माझ्या मागे उभी राहून नुसती बघायची. मी मुद्दाम भराभर फायली उघडून दाखवायचे. ती म्हणायची, ताई, तुमच्या लक्षात कसं राहतं सगळं? मला वाटायचं, कौतुक करतेय. नंतर कळलं की विचार करत होती.

पावसाळ्यात मी तापाने पडले. चार-आठ दिवसांनी दुकानात परत गेले, कॉम्प्युटर चालू केला. पडद्यावर एकही चित्र नाही. सगळा डेस्कटॉप धुऊन पुसून लख्ख. आणि मधोमध डहाणूच्या महालक्ष्मीचा फोटो, तिच्या गडासकट. तो फोटो मीच कधी काळी लावला होता, पण त्याच्यावर चित्रं चढत गेली आणि देवी पार झाकून गेली होती. सासरे गल्ल्यावरून उठून आले, पडद्यासमोर हात जोडले आणि म्हणाले, आज देवी दिसली. तसं साधंच बोलले ते. पण मला ते असं लागलं की विचारू नका.

माझ्या फायली कुठे गेल्या म्हणून मी घर डोक्यावर घेणार होते, तेवढ्यात धाकटी धावत आली. म्हणाली, ताई, काही गेलं नाही, सगळं आत आहे, आता शोधायलाच नको. आणि तिने ऑल्ट धरून स्पेस दाबली. पडद्याच्या मधोमध एक बारीकशी पट्टी उघडली. बाकी काही नाही, नुसती रिकामी पट्टी. लाँचर म्हणतात म्हणे त्याला. फुकटचा, इवलासा प्रोग्रॅम. त्या पट्टीत नावाची दोन अक्षरं टाका, खाली नावं येतात, एन्टर मारा, उघडलं. पी-ए टाकलं की पत्रिका. एच-ए टाकलं की हळद. बी-ए टाकलं की बॅनर. कुठे ठेवलंय, कोणत्या कोपऱ्यात, काही बघायला नको. नवऱ्याने करून बघितलं, त्याला आलं. दिराला आलं. ज्याला मोबाईलवर मेसेज पाठवायला अर्धा तास लागायचा त्या माझ्या नवऱ्याने चिखल्याच्या गिऱ्हाइकाची हळद चुटकीसरशी उघडली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, बघ, किती सोपं होतं हे!

सोपं होतं. तेच तर दुखणं होतं. इतकी वर्षं मी अवघड करून ठेवलं होतं म्हणून मला किंमत होती.

आणि सासरे? त्यांना तर खेळणंच मिळालं. धाकटीने त्यांना शेजारी बसवून शिकवलं, भरतीच्या फायलीला त्यांच्यासाठी वेगळं नाव ठेवून दिलं. मी तेव्हा स्वयंपाकाला घरी गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी अगरबत्ती लावून ते आले, पण खुर्चीमागे उभे राहिले नाहीत. म्हणाले, सूनबाई, जरा उठ. मी उठले. ते माझ्या खुर्चीत बसले, चष्मा नाकावर आणला, पट्टी उघडली आणि उजव्या हाताच्या एका बोटाने टाइप केलं. बी. मग शोधून शोधून ए. मग वाय. पट्टीत लिहून आलं, बाय. एन्टर मारला आणि भरती समोर.

मला काय झालं ते कसं सांगू! तिला तोंडाने बाय म्हणता ते कमी होतं म्हणून आता मशीनमध्ये सुद्धा तिचंच नाव? माझ्या मशीनमध्ये? रोज सकाळी मी उठायचं आणि तुम्ही माझ्या खुर्चीत बसून तिच्या नावाचा जप करायचा? मी नवऱ्याला तसं बोलून दाखवलं. तो म्हणाला, तुला काय करायचंय, भरती उघडते ना? पुरुषांना काही कळत नाही. कळत असेल तर दाखवत नाहीत.

बरं, एवढ्यावर थांबलं असतं तरी मी गिळलं असतं. पण त्या लाँचरची एक खोड होती. जे जास्त वेळा उघडलं जातं ते तो लक्षात ठेवायचा आणि यादीत सगळ्यात वर आणून ठेवायचा. सासरे सकाळी एकदा भरती बघायचे, जेवायच्या आधी एकदा, घरी जाताना एकदा. कुणी मासेमार गिऱ्हाईक आलं की त्याला दाखवायला आणखी एकदा. झालं काय, की मी बॅनर उघडायला बी-ए दाबून एन्टर मारायचे आणि समोर भरती यायची. दर वेळी. बी-ए दाबलं की बाय पहिली, बॅनर खाली. ती शिकलेली बी.ए., आणि मशीनमध्ये बी-ए दाबलं तरी तीच वर. माझ्यासारख्या बारावी झालेलीने जायचं कुठे?

धाकटी म्हणाली, ताई, तिसरं अक्षर दाबा ना. बी-ए-एन. मग बरोबर बॅनरच येईल. मी का दाबू? दोन अक्षरांत उघडतं असं सांगूनच आणलं होतं ना हे सोंग? मग सगळ्यांना दोन अक्षरं आणि मला तीन का? मी तिसरं अक्षर दाबायचं नाही म्हणजे नाही असं ठरवून टाकलं. बी-ए, एन्टर, भरती, बंद करा, पुन्हा पट्टी, बाण खाली, एन्टर, बॅनर. एक अक्षर वाचवायला एवढा उपद्व्याप, पण हट्ट म्हणजे हट्ट.

गंमत म्हणजे सासरे उलटे. त्यांना दोन अक्षरांत मिळत होतं, तरी ते तिन्ही दाबायचे. धाकटी किती वेळा म्हणाली, बाबा, ए दाबल्यावर आलं ते वर, एन्टर मारा. ते मान हलवायचे आणि शोधून शोधून वाय दाबायचे. तो वाय त्यांना पटकन सापडत पण नसे. बोट की-बोर्डवर घारीसारखं फिरत राहायचं. पण दाबल्याशिवाय ते एन्टर मारत नसत. मी बाजूला उभी राहून दात-ओठ खात बघायचे. एवढं काय कौतुक त्या नावाचं, की एक अक्षर सुद्धा गाळवत नाही!

एकदा चिंचणीचा एक होडीवाला पोराच्या हळदीचा बॅनर करायला आला. सोबत पाच-सहा नातेवाईक, सगळे पडद्यावर वाकलेले. मी ऐटीत बी-ए एन्टर मारलं आणि पडद्यावर नवरदेवाच्या जागी भरतीचं वेळापत्रक. मी घाईने ते बंद करायला गेले. तो होडीवाला मात्र खूश. म्हणाला, बरं झालं, हे पण कळलं, पोरांना फोन करून सांगतो. मग गल्ल्यावरून सासरे उठून आले, दोघांनी बोटं मोजून तिथी जुळवली, जुन्या होड्यांच्या गोष्टी निघाल्या, चहा झाला. सासरे धाकटीकडे बघून म्हणाले, बाय, तुझं यंत्र लई कामाचं हाय. तुझं यंत्र. मी त्या यंत्रासमोर बसलेली, माझ्या हाताने ते उघडलेलं, आणि यंत्र तिचं. त्या बॅनरवर मी नवरदेवाच्या मामाचं नाव दोनदा टाकलं, इतकं माझं डोकं फिरलं होतं. प्रूफ बघताना तिनेच ते पकडलं, हळूच दुरुस्त केलं आणि कुणाला सांगितलं नाही. त्याचा राग आणखी वेगळा.

मग मी ठरवलं, ह्या लाँचरला आपणच शिकवायचं. जास्त उघडलं ते वर येतं ना? मग दुपारी सासरे जेवून घरी आडवे व्हायला गेले आणि दुकानात कुणी नसलं की मी सुरू व्हायचे. बॅनर उघड, बंद कर. बॅनर उघड, बंद कर. बोटं दुखेपर्यंत. मग बी-ए दाबून बघायचं. आला बॅनर वर! जीव थंड व्हायचा. पण संध्याकाळपर्यंत म्हातारबुवा दोनदा भरती बघून जायचे, सकाळी पुन्हा एकदा, आणि जैसे थे. अशी ती आमची कुस्ती वर्षानुवर्षं चालली होती आणि त्यांना तिचा पत्ताही नव्हता. मला कुणी विचारलं असतं की तुझं नक्की काय म्हणणं आहे, तर मी काय सांगणार होते? दोन अक्षरांवर माझं नाव पाहिजे, एवढंच म्हणणं होतं. पण असं कुणाला बोलून दाखवतात का?

दोन हजार अठरात दिराने तलासरीला दुसरं दुकान टाकायचं काढलं. माझ्या मनात धाकधूक, की तिकडे कुणाला पाठवतात. मला पाठवलं तर मी इथली खुर्ची घालवून बसणार, आणि तिला पाठवलं तर तिला अख्खं दुकान मिळणार, माझ्याकडे आपली एक खुर्चीच. दोन्हीकडून जळणं माझ्याच नशिबात. शेवटी तिलाच पाठवलं. तिकडची भाषा तिची, माणसं तिची, बरोबरच होतं. उद्घाटनाला सासऱ्यांनी स्वतः नारळ फोडला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, बाय, नीट चालव. माझ्या डोक्यावर त्यांनी कधी हात ठेवला नव्हता. मी दुकान चालवत नव्हते का? की दुकान आपोआप चालत होतं? परतीच्या गाडीत नवऱ्याने विचारलं, बोलत का नाहीस? म्हटलं, पेढा जास्त गोड होता.

ती गेली आणि खुर्ची निर्विवाद माझी झाली. पण पट्टी तिथेच, आणि पट्टीतली बाय तिथेच. तलासरीला गेली तरी रोज सकाळी सासरे माझ्या खुर्चीत बसून एका बोटाने तिला हाक मारणार. मी तो लाँचर काढून टाकायचा विचार केला. पण तोवर मलाही त्याशिवाय काही सापडेनासं झालं होतं. माझी ती जुनी चित्रं, ती गर्दी, आता मी सुद्धा विसरले होते.

मग दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यात सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू. डॉक्टरांनी काही दिवस घरातच बसायला सांगितलं, पडद्याकडे तर बघायचंच नाही. इकडे लग्नसराई जोरात, हळदीचे बॅनर वर बॅनर. मी दिवसभर बी-ए, खाली बाण, एन्टर. आणि एका सकाळी बी-ए दाबलं आणि बॅनर वर आलेला. मी दुपारी बघितलं, वर. दुसऱ्या दिवशी बघितलं, वर. म्हातारा घरात, बाय खाली, बॅनर वर. जिंकले मी! दुकानात कुणी नसतं तर नाचले असते. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, काय जिंकलीस? मी म्हटलं, काही नाही, तू छाप.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सासरे दुकानात यायला लागले. काळा चष्मा लावून, भिंतीला हात लावत. अगरबत्ती लावली आणि कित्येक वर्षांनी माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "सूनबाई, भरती बग जरा."

मला इतकं बरं वाटलं, की ताटकळत ठेवायचं सुद्धा विसरले. पट्टी उघडली, बी, ए, एन्टर. आणि अर्थातच बॅनर उघडला. कुणाच्या तरी हळदीचा, पिवळाधम्मक. त्यांना दिसत नव्हतं, पण मी थांबले ते त्यांना कळलं. काय उघडलं म्हणाले. म्हटलं, बॅनर, थांबा जरा.

"पुरं दाब ना," ते म्हणाले. "दोन अक्षरांत हाक होते काय?"

हाक? मी म्हटलं, मामा, हे फायलीचं नाव आहे, हाक कसली. तर ते तसेच उभे, हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर, आणि सांगायला लागले. धाकटीने त्यांना शिकवलं त्या दिवशी विचारलं होतं, बाबा, भरतीला नाव काय ठेवू, भरतीच ठेवू का? हे म्हणाले, मी आधी भरती कुठे म्हणतो? मी आधी मोठीला हाक मारतो, मग ती भरती उघडते. मोठीची हाक ठेव. मग ती म्हणाली, सूनबाई ठेवू? हे म्हणाले, नाय.

मी वळून बघितलं. काळ्या चष्म्याआड काही दिसत नव्हतं.

"सूनबाई तर तू मागून घेतलेलं," ते म्हणाले. "मी तुला ठेवलेलं नाव बाय. तू तोंडाने म्हणू नको बोललीस. मग बोटाने म्हणायचो."

समोर तो पिवळा बॅनर, नवरदेव हसतोय. इतकी वर्षं दुपारी दुपारी बसून, बोटं दुखवून, मी कुणाला खाली ढकलत होते? मी बॅनर बंद केला, पट्टी उघडली आणि बी, ए, वाय, अशी तिन्ही अक्षरं दाबली. भरती आली. मी वेळ वाचून दाखवली. त्यांनी बोटं मोजली आणि म्हणाले, बरोबर हाय त्याचं.

मग मीच धीर केला. म्हटलं, मामा, आता म्हणा की तोंडाने. मला चालेल. ते हसले, ओठ हलवले, पुन्हा हसले. म्हणाले, आता जीभ वळत नाय, सूनबाई. आणि भिंतीला हात लावत गल्ल्याकडे गेले.

मी तलासरीला फोन लावला. धाकटी गिऱ्हाइकात होती, मागे गुजरातीत कुणीतरी पत्रिकेचा रंग सांगत होतं. मी सरळ विचारलं, ते बाय कुणाचं नाव आहे हे तुला पहिल्यापासून माहीत होतं ना? ती हो म्हणाली. मग इतकी वर्षं मला सांगितलं का नाहीस? तुझ्या नावाने मी रोज किती जळले, माहीत आहे? तिने गिऱ्हाइकाला थांबा म्हटलं.

"माहीत होतं, ताई," ती म्हणाली. "तोंडाने काय, ते सगळ्यांनाच म्हणतात. बोंबीलवालीला पण म्हणतात. पण एवढं शोधून शोधून ते फक्त तुम्हालाच म्हणायचे. मी शेजारी बसून बघायचे. मी का सांगू तुम्हाला?"

मागून तिचं गिऱ्हाईक घाई करत होतं, तिने ठेवते म्हटलं आणि ठेवला. इथे दाराशी सुक्या बोंबलांची म्हातारी आली होती आणि सासरे तिला म्हणत होते, बस बाय, उन्हाची आलीस. मी ते ऐकलं. मग तो हळदीचा बॅनर पुरा करायचा होता म्हणून पट्टी उघडली आणि बी, ए, एन अशी तिन्ही अक्षरं दाबली. तेव्हापासून मी तीनच दाबते.